पाऊण वाजताचं आमेन

आमच्या चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळी डोळे उघडे ठेवणारी मी एकटीच, असं मला पुष्कळ वर्षं वाटत होतं. चर्च लहान आहे. अलिबागहून नागावकडे जाताना मुख्य रस्ता सोडून आत वळलं की सुपारीच्या वाडीला लागून एक कौलारू इमारत दिसते, ती. रविवारी चाळीसएक माणसं जमतात. सगळ्यांनी माना खाली घातल्या की मला एकदम मोकळं वाटतं, कारण आता माझ्याकडे कोणी बघणार नसतं. मग मी बघते. पाळकसाहेब लांब प्रार्थनेत एका पायावरचा भार हळूच दुसऱ्या पायावर घेतात. पेटी वाजवणारे काका भाता न हलवता पुढच्या गीताचे सूर नुसते बोटांनी चाचपून ठेवतात. माझी आई साबण गेल्यासारखे डोळे घट्ट मिटते.

हे बघणं पाप आहे का, ते मला नक्की माहीत नाही. पण आम्ही पापी आहोत असं सगळ्यांबरोबर एका सुरात म्हणताना पुढच्या बाकावरच्या माणसाचं पाप कोणतं असेल याचा अंदाज बांधत बसणं, हे बहुधा असावं.

मी प्रार्थना मोठ्याने करत नाही. आमच्याकडे घरगुती प्रार्थनासभेत एकामागून एक सगळे जण करतात. माझी पाळी आली की मी म्हणते, "मी मनात करते." यामागे एक जुनी गोष्ट आहे. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मी अकरा वर्षांची असताना मला रविवारी शास्त्रवाचन करायला उभं केलं होतं. मी इंग्रजी शाळेतली. मराठी हा आठवड्यातला एक तास असायचा, तोही पीटीच्या आधीचा, म्हणजे सगळ्यांचं लक्ष मैदानावर. मराठी वाचायची म्हणजे ओहोटीला खडकांवरून चपला घालून चालल्यासारखं, पुढचं पाऊल निसरड्यावर पडणार हे आधीच माहीत असायचं. त्या उताऱ्यात माणसाचं तारण कृपेने होतं असं होतं. 'कृपा' हा शब्द मला ओळखीचा होता, पण तो मी पाहिलेला फक्त पाट्यांवर. रेवसच्या धक्क्यावर, कृपया रांगेत उभे राहा. बँकेत, कृपया शांतता राखा. आमच्या चर्चच्या दारात, कृपया चपला बाहेर काढा. तेव्हा मी मोठ्या आत्मविश्वासाने वाचलं की आपलं तारण कृपया झालं आहे.

 मग मागच्या बाकावरून एक हसू फुटलं, घागरीतून पाणी सांडावं तसं, आणि पाठोपाठ सगळं चर्च हसलं. पाळकसाहेबांनी पुस्तक तोंडासमोर धरलं. ते पहिलं हसू होतं नागावच्या मावशीचं. पेटीकाकांनी त्या दिवसापासून माझं खरं नाव घेणंच सोडलं. इतकी वर्षं झाली, मी कॉलेज संपवलं, नोकरीला लागले, तरी रस्त्यात भेटले की त्यांचं ठरलेलं, "काय कृपया, बरी आहेस ना?"

मी तेव्हा ठरवलं, आता चर्चमध्ये तोंड उघडायचं नाही. मनात करायचं.

यात एक गोष्ट माझ्या लक्षात यायला फार उशीर झाला. गप्प बसणाऱ्या माणसाबद्दल लोक चांगलंच धरून चालतात. सगळे प्रार्थनेत पाच-पाच मिनिटं बोलतात आणि ही एकटी मान खाली घालून बसते, म्हणजे हिचं आत काहीतरी खोल चाललंय. एकदा कोणाच्या तरी हरवलेल्या कागदपत्रांसाठी सगळ्यांनी प्रार्थना केली, माझ्यासकट, म्हणजे मी पंख्याच्या पात्यांवरची धूळ बघत होते. कागद दुसऱ्या दिवशी गादीखाली मिळाले. ते गादीखाली मिळण्याचं श्रेय का कोण जाणे मला मिळालं. हिची मनातली लागते, असं बायका म्हणू लागल्या. औषध लागतं तसं. मी नाही म्हणाले नाही. खरं सांगायचं तर मला ते आवडलं. न बोलता मिळणारी गोष्ट माझ्यासारखीला फार क्वचित मिळते.

आता मावशी. ती माझी सख्खी मावशी नाही, आईची मैत्रीण. नागावला तिची नारळाची छोटी वाडी आहे, वाडीत पर्यटकांसाठी दोन खोल्या. चर्चमध्ये गीतं तीच उचलते. पेटीकाका कितीही वरच्या पट्टीत गेले तरी ती त्यांच्या वर जाते. तिचं एक पाप सगळ्या चर्चला ठाऊक आहे, कारण ते तिने स्वतःच सांगितलं आहे. शनिवारी मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना ती सुरमई वाढते आणि सांगते, आत्ताच होडीतून उतरली. सुरमई गुरुवारपासून बर्फात असते. रविवारी सकाळी ती पाहुण्यांना चहा-पोहे देऊन चर्चला येते आणि मान खाली घालून माफी मागते. पुढच्या शनिवारी सुरमई पुन्हा होडीतून उतरते. माझी आई निवृत्त नर्स आहे, तिला शिस्त लागते. तिने एकदा मावशीला विचारलं की अशा माफीला काय अर्थ आहे. मावशी म्हणाली होती की दर आठवड्याला एक तरी खरीखुरी चूक हाताशी असली की कबुलीच्या वेळी मन भरकटत नाही. आई रागावली. मी मनात हसले. माझ्याकडेही दर आठवड्याला पुष्कळ असायचं, पण ते मी कोणालाच सांगितलेलं नव्हतं.

गेल्या वर्षी पावसाळा सरल्यावर मावशीच्या गळ्याला गाठ आली. आधी तिने ती पदराने झाकली. मग एका रविवारी वरच्या सुरावर तिचा आवाज फाटला आणि ती मध्येच खाली बसली. पेटीकाका तसेच वाजवत राहिले, पण गीत उचलायला कोणी नव्हतं. अलिबागच्या डॉक्टरांनी मुंबईला जाऊन सुई घालून तपासून घ्यायला सांगितलं. बुधवारी सकाळी दहाची वेळ मिळाली. रेवसहून लाँच पकडून भाऊच्या धक्क्याला उतरायचं, बरोबर तिच्या जाऊबाई.

जायच्या आधीच्या रविवारी मावशीने मला चर्चच्या मागे, चपलांच्या ढिगाजवळ गाठलं. तिने बाकी कोणालाही सांगितलं नव्हतं की ती घाबरली आहे. माझा हात धरून ती म्हणाली, "सगळे करतील गो. पण दहाच्या ठोक्याला तू कर. मनातली."

मी हो म्हटलं. मला ते ओझं वाटलं नाही. उलट जरा छानच वाटलं.

मी घरून काम करते. मुंबईतल्या एका कंपनीच्या ग्राहकांच्या तक्रारींना इंग्रजीत नम्र उत्तरं लिहायचं काम. दिवसाला पन्नासेक वेळा मी माफी मागते, त्यातली एकही माझी नसते. बुधवारी सकाळी मी मोबाइलवर दहाचा गजर लावला. गजराला नाव दिलं 'मावशी'. इथपर्यंत मी अगदी भली मुलगी होते.

दहाला पाच मिनिटं कमी असताना शाळेतल्या एका मैत्रिणीचा फोटो समोर आला. तिला परदेशात नोकरी लागली होती आणि ती बर्फात उभी होती. शाळेत ती माझ्या वहीतून गणितं उतरवायची. मला तिच्या फोटोखाली काहीतरी चांगलं लिहायचं होतं. मी लिहिलं, खूप आनंद झाला. ते कोरडं वाटलं. एक लाल बदाम टाकला. तो खोटा वाटला. काढला. मग न टाकलेलाच जास्त खोटा वाटला, म्हणून तीन टाकले. तेवढ्यात गजर वाजला आणि बर्फावर 'मावशी' अशी अक्षरं आली. मी 'पाच मिनिटांनी' दाबलं. फोटो मोठा करून मी तिचा कोट बघत होते. पुन्हा वाजला, पुन्हा 'पाच मिनिटांनी'. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी तो बंदच करून टाकला.

तीन वेळा. चर्चमध्ये वाढलेल्या कोणालाही तीन वेळा नाकारलं म्हटलं की कोंबडा आठवतो, प्रभूच्या शिष्याने त्याला तीन वेळा नाकारल्यावर आरवलेला. आमच्या शेजारी कोंबडा आहे, आणि तो वेळकाळ न बघता आरवतो. त्या दिवशी तेवढा गप्प बसला.

पाऊण वाजता आईने जेवायला हाक मारली. आईची जेवणाआधीची प्रार्थना वरण गार होईपर्यंत चालते. तिने कोणाकोणाची नावं घेतली ते मी ऐकलं नाही, माझं लक्ष तळलेल्या बोंबलांवर होतं. तिचं संपल्यावर मी आमेन म्हटलं आणि बोंबील घेतला. दहाचं मी तिला आधीच सांगून ठेवलं होतं. संध्याकाळी तिने विचारलं, दहाला केलीस ना? मी हो म्हटलं. म्हणजे एका दिवसात हेवा, टाळाटाळ आणि खोटं, तेही घराबाहेर पाऊल न टाकता.

पुढच्या आठवड्यात रिपोर्ट आला. गाठ साधी होती. गोळ्यांनी बरं वाटेल, नाही वाटलं तर पुढे बघू, असं डॉक्टर म्हणाले. मला इतकं हलकं वाटलं की त्यात दहा वाजताचं सगळं मी विसरूनही गेले. आता काय, झालं चांगलं. कोणाला कळायचं कारण नव्हतं.

रविवारी मावशी साक्ष द्यायला उभी राहिली. साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगणं. मावशीचा आवाज अजून बसलेला होता, म्हणून सगळे पुढे झुकून ऐकत होते. लाँच कशी हलत होती, दवाखान्यात किती गर्दी होती, हे सगळं तिने सांगितलं. मग म्हणाली की ती फार घाबरली होती, आणि बरोबर दहाच्या ठोक्याला एकदम सगळं शांत झालं, कोणीतरी हात हातात घ्यावा तसं. "तेव्हा इकडे एक पोरगी मनातली प्रार्थना करत होती," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं.

चाळीस माना वळल्या. माझ्या आईने डोळ्यांना पदर लावला. मी खाली बघितलं, आणि मला खाली बघताना पाहून लोकांना मी आणखीच नम्र वाटले असणार.

त्यानंतर माझी जी अवस्था झाली ती मीच करून घेतलेली होती. पेटीकाकांनी दारातच त्यांचा गुडघा माझ्यावर सोपवला. "काय कृपया, एवढा माझा डावा बघ." एका बाईंनी मुलाच्या व्हिसासाठी निरोप पाठवला. आणि पाळकसाहेबांनी जाहीर केलं की येत्या गुरुवारी संध्याकाळी मावशीच्या ओटीवर आभारप्रार्थनेची सभा होईल आणि ती मी चालवीन. या वेळी मनातली नको, म्हणाले, आम्हालाही ऐकू दे.

मी तीन दिवस जेवले नाही असं म्हणायला मला आवडलं असतं, पण जेवले. फक्त आईबरोबर आमेन म्हणताना आवाज निघेना. गुरुवारी तिथे उभं राहून मावशीच्या तोंडावर पुन्हा तेच खोटं, तेही देवाच्या नावाने, हे माझ्याच्याने होणार नव्हतं. आणि खरं सांगितलं तर तिच्या साक्षीतला तो हात मी काढून घेणार होते. त्या एका गोष्टीच्या बळावर ती पुन्हा हळूहळू गुणगुणायला लागली होती.

बुधवारी मी नागावला गेले. रिक्षात मी माफीचे तीन मसुदे तयार केले. पहिल्यात 'आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल' असे शब्द आले, तेव्हा मी पुढचे दोन सोडून दिले.

आठवड्याच्या मधले दिवस असल्याने खोल्या रिकाम्या होत्या. मावशी मागच्या पडवीत विळीवर नारळ खवत बसली होती. तिने मला बसायला पाट सरकवला, चहाचं विचारलं, माझ्या आईच्या पाठदुखीचं विचारलं. मग तिने वर बघितलं.

"मावशी, दहा वाजता मी प्रार्थना केली नव्हती."

तिचा हात थांबला. "इसरलीस?"

"नाही. गजर वाजला होता. मीच बंद केला."

मग मी सगळं सांगितलं. फोटो, कोट, बदाम, पाच मिनिटं, संध्याकाळी आईला सांगितलेलं खोटं. इतकं सलग मी मराठीत कधी बोलले नसेन. मावशीने हात पुसले, चष्मा लावला आणि फोटो दाखव म्हणाली. मी दाखवला. तिने तो लांब धरून बराच वेळ पाहिला.

"नाक लाल झालंय गो तिचं थंडीनं," ती म्हणाली आणि मोबाइल परत दिला. पुन्हा खवायला लागली. थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, म्हणाली, "मी लय घाबरलेली त्या दिवशी."

 मावशी एरवी नारळ पांढरा आहे तोवरच खवते, खालच्या काळपट भागाला हात लावत नाही, सोलकढी काळी पडते म्हणते. त्या दिवशी ती करवंटीपर्यंत खवत गेली आणि पांढऱ्या खोबऱ्यात तपकिरी चुरा पडत राहिला. मी तो बघत बसले. ती मला ओरडली असती तर बरं झालं असतं असं मला वाटलं, आणि लगेच हेही कळलं की असं वाटणं म्हणजे तिथेही मी माझीच सोय बघत होते.

करवंटी बाजूला टाकून ती म्हणाली, "दहाला माझा नंबर लागलाच न्हाय."

मला आधी समजलंच नाही. मग तिने सांगितलं. दहाच्या ठोक्याला ती दवाखान्याच्या व्हरांड्यात एका बाईशी भांडत होती. जाऊबाई केसपेपरच्या रांगेत होत्या आणि मावशीला बसायला जागा नव्हती. एका बाकावर एक बाई आपल्या शेजारी पिशवी ठेवून बसली होती. मावशीने पिशवी उचलायला सांगितलं, ती नाही म्हणाली. मावशीने तिला जे सुनावलं ते तिने मला सांगितलं नाही, फक्त ते चर्चमध्ये सांगण्यासारखं नव्हतं एवढं म्हणाली. मग तिने ती पिशवी खाली ठेवली आणि बसली. थोड्या वेळाने बाईचा नवरा रक्त देऊन भिंतीला धरत-धरत आला. पिशवी त्याची जागा धरायला ठेवलेली होती. मावशी उठली, पण तो बसेना, तुम्ही बसा म्हणाला. मग दोघंही उभे आणि मध्ये बाक रिकामा, असं बराच वेळ चाललं.

"पाऊण वाजता माझं नाव पुकारलं," मावशी म्हणाली. "जाऊ चहा आणायला गेलेली. माझं पाऊल उचलंना. तर तीच बाई उठली, माझा हात धरला आनि दारापर्यंत आली. काय बोलली न्हाय. मी एवढं बोललेली तिला."

तेव्हा हात धरल्यासारखं नव्हतं, खरोखरच धरला होता. पण ते सांगायचं म्हणजे भांडण सांगावं लागलं असतं, म्हणून तिने साक्षीतून ती बाई काढून टाकली, पाऊणचे दहा केले आणि रिकाम्या जागी मला बसवलं. सुरमईसारखंच. बर्फातलं होडीतलं म्हणून वाढलं.

 मग मावशीने डोळे बारीक केले. गिऱ्हाईकाच्या खिशाचा अंदाज घेताना करते तसे.

"पाऊण वाजता काय करत होतीस?"

"जेवत होते."

"जेवायच्या आधी?"

"आईने प्रार्थना केली."

"माझं नाव घेतलं?"

"घेतलं असेल. मी ऐकलं नाही. बोंबील होते."

"मग तू काय म्हणालीस?"

"आमेन."

"झालं तर," मावशी म्हणाली आणि दुसरी करवंटी घेतली.

मला हे गणित पटलं नाही, आणि मी तसं म्हटलंही. न ऐकता म्हटलेलं आमेन, तेही बोंबलाकडे बघत, ते कसं धरायचं? मावशी म्हणाली की तिलाही कुठे पटलंय, पण ती ज्या बाईला नको ते बोलली त्या बाईने तिचा हात धरला हे कोणत्या गणितात बसतं ते आधी मी सांगावं, मी इंग्रजी शाळेतली आहे. 

मग मी विचारलं की उद्याचं काय करायचं, मला सभा चालवायची नाही. मावशीने क्षणभर विचार केला. "पाळकांना सांगू पोरीला ताप हाय," ती अगदी सहज म्हणाली, आणि म्हणाल्यावर तिला स्वतःलाच कळलं. तिने खवलेल्या नारळाने भरलेला हात कपाळाला लावला. ती हसायला लागली, बसलेल्या आवाजात, खाकरत. मीही. हसता हसता मला दिसलं की अकरा वर्षांची असताना मागच्या बाकावरून आलेलं हसू हेच होतं. त्यात कुचेष्टा नव्हती. हे मला तेव्हा कळलं असतं तर मी पुष्कळ बोलले असते.

गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता ओटीवर सतरंजी घातली. पंधराएक माणसं आली. पेटीकाका डावा गुडघा लांब करून बसले. मावशी आधी उभी राहिली आणि म्हणाली की रविवारच्या साक्षीत एक चूक झाली आहे, दहा नव्हे, पाऊण. मग तिने बाक सांगितला, पिशवी सांगितली, ती बाई सांगितली.  पाळकसाहेबांनी एकदाच खोकल्यासारखं केलं. माझ्याबद्दल ती एक शब्दही बोलली नाही. खाली बसताना फक्त माझ्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. ते माझं मीच उचलायचं होतं.

पाळकसाहेब म्हणाले, चला, डोळे मिटूया. सगळ्यांनी मिटले. मीसुद्धा मिटले. बहुधा पहिल्यांदाच, कारण उघडे ठेवले असते तर मला बोलता आलं नसतं.

"प्रभू," मी म्हटलं, आणि पुढे काही येईना. इंग्रजीत येत होतं, मराठीत येत नव्हतं. वाडीत कुठेतरी झावळी पडल्याचा आवाज आला. "त्या दिवशी मी दहाला प्रार्थना केली नाही. मला आठवण होती. मी हेवा करत बसले होते. आणि नंतर खोटं बोलले."  आता माफी मागायची होती, आभार मानायचे होते, मावशीचा आवाज, तो गुडघा, तो व्हिसा, सगळं घ्यायचं होतं. माझ्या तोंडात एकच शब्द आला.

"कृपया," मी म्हटलं.

त्यानंतर मी थांबले. कोणीतरी हसेल म्हणून वाट बघितली. कोणी हसलं नाही. मग मावशीचा बसलेला आवाज आला, "आमेन," आणि तिच्यामागून सगळ्यांचा. आईचाही आला, जरा उशिरा आणि जरा जाड. घरी गेल्यावर ती माझ्याशी दोन दिवस मोजकं बोलली, तिसऱ्या दिवशी बोंबील तळले.

ओटीवर मात्र सगळे चपला शोधायला लागले, मावशी सोलकढीचे पेले घेऊन आली. सोलकढी जराशी काळपट होती. पेटीकाका भिंतीला धरून उठले आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मला वाटलं आता हे काहीतरी मोठं बोलणार.

"म्हणजे माझ्या गुडघ्याचंही केलं नाहीस?"

"नाही, काका."

"मला वाटलंच. ढिम्म फरक नाही." त्यांनी सोलकढी संपवली, पेला माझ्या हातात दिला. "मग आता कर, कृपया."

मी आता रोज पाऊण वाजता गजर लावते. त्याचं नाव 'गुडघा'. यात माझी काही सुधारणा झाली असं कोणी समजू नये. पहिले नऊ दिवस मी वेळेवर उठले, गॅलरीत गेले, जमेल तशी मराठीत प्रार्थना केली, आणि दहाव्या दिवशी माझ्या लक्षात आलं की आपण किती नियमित झालो आहोत याचं मला मनातून कौतुक वाटतंय. मावशीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली की तिनेही सुरमईचं सोडलं होतं, पण शनिवारी पाहुणे फारच कौतुक करत होते. तिचा आवाज बराचसा परत आला आहे. वरच्या सुरावर अजून कापतो. तिथे आता सगळं चर्च तिला धरून घेतं, पेटीकाकाही हात जरा हलका ठेवतात.

काल गजर वाजला तेव्हा माझी मैत्रीण पुन्हा बर्फात उभी होती, या वेळी दुसऱ्या कोटात. मी 'पाच मिनिटांनी' दाबलं. आईने जेवायला हाक मारली, मी गेले, तिने प्रार्थना सुरू केली. वरण गार होत होतं. मी डोळे उघडे ठेवूनच ऐकत होते. मावशीचं नाव आलं, काकांचं आलं, मग माझं आलं. ते रोज येत असणार. मोबाइल टेबलावर थरथरायला लागला, पडद्यावर 'गुडघा'. मी त्यावर हात ठेवला आणि आईचं संपायची वाट बघितली.